वाट कोणाला विचारावी?

नेवाशास नवखा मनुष्य आला म्हणजे त्याची पहिली अडचण ही होते कीं, नेवासें एक नाहीं. प्रवरेच्या एका कांठाला नेवासें खुर्द, दुसऱ्या कांठाला नेवासें बुद्रुक, आणि अहिल्यानगरहून संभाजीनगरास जाणाऱ्या हमरस्त्यावर नेवासा फाटा. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरमहाराजांनीं ज्ञानेश्वरी सांगितली अशी श्रद्धा आहे, तो पैस खांब पाहावयास आलेला यात्रेकरू फाट्यावर उतरतो, आणि समोर जो पहिला मनुष्य दिसेल त्याला 'खांबाकडे वाट कोणती?' असें विचारतो. सांगणारा जाणता व सरळ असला तर यात्रेकरू देवळांत पोहोंचतो. अजाण असला तर उन्हांत एक हेलपाटा पडतो. आणि लबाड असला तर तो त्या बिचाऱ्याला आपल्या मेव्हण्याच्या दुकानीं नेऊन उभा करतो. पाय तेच, रस्ता तोच. फरक पडतो तो कोणाला विचारलें एवढ्यानेंच.

आपल्या घरांतील संगणक व मोबाइल हे असेच नवखे यात्रेकरू आहेत. दिवसभरांत असंख्य वेळां ते कोणाला तरी वाट विचारीत असतात. परंतु कोणाला, हें बहुतेक घरांत गृहस्वामीला ठाऊक नसतें. गेल्या ज्येष्ठापर्यंत आमच्याही घरांत तें कोणाला ठाऊक नव्हतें. कळण्यास जें निमित्त झालें तें प्रथम सांगतों.

आमचें कुटुंब एकत्र आहे. वडील बंधु, ज्यांना घरांत लहानथोर सारेच दादा म्हणतात, ते व वहिनी. मी व सौ.; दोन चिरंजीव, दोघी सुना आणि नातवंडें, अशीं बारा माणसें एका छपराखालीं राहतों, आणि बारा जणांत मिळून भिंतीवर एक राउटर आहे. एके दिवशीं सायंकाळीं दादा निवृत्तिवेतन जमा झालें कीं नाहीं तें पाहण्यास संगणकापुढें बसले. बँकेचें नांव लिहितांच पडद्यावर धोक्याची सूचना आली: ह्या स्थळाचें ओळखपत्र पटत नाहीं. दादांना वाटलें, रोजच्या दहा सूचनांतली ही अकरावी. 'तरीही पुढें चला' ह्या अक्षरांकडे त्यांचें बोट वळलें, तोंच चहा घेऊन आलेल्या थोरल्या सूनबाई दारांतूनच ओरडल्या, "दादा, थांबा! तेथें हात लावूं नका!"

पुढें शोध केला तेव्हां राउटरच्या आंत, 'डीएनएस सर्व्हर' असें लिहिलेल्या दोन रकान्यांत, कोणालाच परिचित नसलेले दोन आंकडे सांपडले. चौदा वर्षांचा नातू कोपऱ्यांत उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरूनच उलगडा झाला. मोबाइलवरील खेळांत ज्याच्याशीं ओळख झाली अशा, कधीं न पाहिलेल्या, एका गड्यानें त्याला ते आंकडे दिले होते. "आजोबा, त्यानें सांगितलें, हे घातले कीं नेट जोरांत चालतें." राउटरमध्यें शिरण्यास लागणारा पासवर्ड त्यानें कोठून मिळविला? कोठूनही नाहीं. तो यंत्राच्या पाठीवरील चिठ्ठीवर छापलेला होता, आणि यंत्र आलें त्या दिवसापासून आम्हीं तो बदललाच नव्हता. शनिशिंगणापूर आमच्याच तालुक्यांत आहे. घरांना दारें-कुलपें न लावण्याची तेथील परंपरा प्रसिद्ध आहे. परंतु शनिदेवाचा वचक राउटरच्या चोराला नसतो.

पैसा गेला नाहीं. त्याच रात्रीं दुसऱ्या मोबाइलवरून, घरचा वायफाय बंद ठेवून, दादांच्या खात्याचा पासवर्ड बदलला. नातवाला रागें भरण्यास मीं तोंड उघडलें आणि तसेंच मिटलें. कारण मनांत प्रश्न आला कीं, त्यानें बदलण्यापूर्वीं त्या रकान्यांत काय होतें? मला सांगतां येईना. चिरंजिवांनाही येईना. ज्या घराच्या वाटाड्याचें नांव घरच्या वडिलांनाच ठाऊक नाहीं, त्या घरांतील पोरानें वाटाड्या बदलला तर मुख्य दोष कोणाचा?

म्हणून हा विषय मुळापासून समजून घेतला, आणि आमच्यासारख्या इतर कुटुंबांस उपयोग व्हावा म्हणून येथें मांडतों.

इंटरनेटवरील प्रत्येक स्थळाला दोन ओळखी असतात. एक नांव, जें माणसाच्या जिभेला सोपें. आणि दुसरी आंकडी पत्त्याची, जी यंत्राला सोपी. आपण नांव लिहितों, पण यंत्राला केवळ नांवावरून कोठेंही जातां येत नाहीं. नांवावरून पत्ता सांगणारी जी जागतिक व्यवस्था आहे तिला 'डोमेन नेम सिस्टिम', संक्षेपानें डीएनएस, असें म्हणतात. शब्द व अर्थ ह्यांचा संबंध नित्य कीं सांकेतिक, हा वाद आपल्याकडे मीमांसक व नैयायिक शतकानुशतकें घालीत आले. डीएनएसपुरता तरी निकाल नैयायिकांच्या बाजूनें लागला आहे: संबंध केवळ संकेताचा, आणि म्हणूनच बदलतां येणारा. २०२४ सालीं आमच्या जिल्ह्याचें नांव अहमदनगराचें अहिल्यानगर झालें. जमीन वीतभरही हलली नाहीं. इंटरनेटवर बहुधा ह्याच्या उलट घडतें. नांव तेंच राहतें आणि घर हलतें. एखादी संस्था आपलीं यंत्रें एका शहरांतून दुसऱ्या शहरांत नेते, आंकडा बदलतो, आणि आपल्याला त्याची वार्ताही नसते. कारण वहींतील नोंद वेळेवर बदललेली असते.

ही वही आरंभीं खरोखरच एक यादी होती. अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्यें एलिझाबेथ फाइनलर ह्या विदुषीच्या देखरेखीखालीं ती ठेवलेली असे, आणि जाळ्यावरील इतर संगणक ती उतरवून घेत. संगणक वाढले तशी यादी आवरेनाशी झाली. तेव्हां १९८३ सालीं पॉल मोकापेट्रिस ह्यांनीं नवी रचना मांडली, आणि तिच्याच पायावर आजचें काम चालतें. ती समजण्यास नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या डोळ्यांपुढें आणाव्या. साऱ्या महाराष्ट्राची वंशावळ कोणा एका उपाध्यायाकडे नसते. आपण गेलों कीं प्रश्न होतो, 'आडनांव काय? मूळ गांव कोणतें?' त्यावरून आपली वही कोणत्या घराण्याकडे तें कळतें. त्या घरीं गेलें म्हणजे पणजोबांची नोंद निघते. डीएनएसचेंही तसेंच. सर्वांच्या मुळाशीं 'रूट सर्व्हर' आहेत. रोमन वर्णमालेंतील 'ए' पासून 'एम' पर्यंत त्यांचीं तेरा नांवें, आणि त्यांच्या प्रती जगभर ठेवलेल्या. मुंबईंतही अशा प्रती आहेत. रूट सर्व्हर इतकेंच सांगतो कीं, 'इन' ह्या शेपटाचीं नांवें अमक्याकडे, 'कॉम'चीं तमक्याकडे. २०१४ च्या ऑगस्ट महिन्यांत देवनागरी 'भारत' हें शेपूटही खुलें झालें व मराठी अक्षरांत नांव घेण्याची सोय झाली. शेपटाचा वहीदार पुढच्या वहीदाराकडे बोट दाखवितो, आणि अखेरचा वहीदार आंकडा सांगतो.

ह्या दारोदार फिरण्याचें काम आपला मोबाइल स्वतः करीत नाहीं. तो एका मध्यस्थाला विचारतो. मध्यस्थ फिरून येतो, उत्तर देतो, आणि ठरलेल्या मुदतीपर्यंत तें ध्यानांतही ठेवतो, म्हणजे दुसऱ्या कोणी तेंच विचारल्यास पुन्हां हिंडावें लागत नाहीं. राउटरच्या त्या दोन रकान्यांत जें लिहावयाचें तें ह्या मध्यस्थाच्या यंत्रांचे पत्ते. कांहींच लिहिलें नाहीं तर इंटरनेट पुरविणारी कंपनी आपला मध्यस्थ आपण होऊन नेमून देते. आमच्या नातवानें ज्याला नेमलें तो कोणी भामटा होता. इतर नांवांचीं उत्तरें तो खरीं देई, आणि बँकेचें तेवढें खोटें. खोट्या घराला बँकेचें ओळखपत्र दाखवितां आलें नाहीं म्हणून पडद्यावर सूचना आली. ती सूचना म्हणजे शेवटचा उंबरठा होता, आणि दादा तो ओलांडणार होते.

ही युक्ति नवी नाहीं. 'डीएनएस चेंजर' नांवाच्या एका उपद्रवी प्रोग्रॅमानें जगांतील सुमारें ४० लाख संगणकांचे मध्यस्थ गुपचूप बदलले होते. २०११ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेच्या एफ्‌बीआयनें ती टोळी उघडकीस आणली. बहुतेक आरोपी एस्टोनिया देशांतील होते. परंतु चोरांचीं यंत्रें एकदम बंद केलीं असतीं तर लक्षावधि लोकांना वाट सांगणारें कोणीच उरलें नसतें. म्हणून त्या जागीं न्यायालयाच्या अनुज्ञेनें प्रामाणिक यंत्रें बसवून तीं ९ जुलै २०१२ पर्यंत चालू ठेवावीं लागलीं. मध्यस्थावर आपण किती अवलंबून आहों ह्याचें ह्याहून बोलकें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

आतां निवड कशी करावी? मध्यस्थानें दिलेलें उत्तर आपण स्वतः पडताळून पाहत नाहीं. तें प्रत्यक्ष नव्हे, अनुमानही नव्हे. तें निव्वळ शब्दप्रमाण. शब्द प्रमाण केव्हां मानावा, ह्याचा विचार न्यायशास्त्रानें करून ठेवला आहे: सांगणारा आप्त असेल तेव्हां. न्यायसूत्रांचे भाष्यकार वात्स्यायन आप्ताचें जें लक्षण देतात त्याचा आशय असा कीं, ज्यानें विषय स्वतः जाणला आहे, आणि जसा जाणला तसाच सांगण्याच्या इच्छेनें जो बोलतो, तो आप्त. शिवाय हें लक्षण ऋषि, आर्य व म्लेंच्छ ह्यांना सारखेंच लागू आहे, असेंही ते म्हणतात. तेव्हां मध्यस्थ परदेशी आहे म्हणून टाकूं नये, आणि जवळचा आहे म्हणून डोळे मिटून पत्करूंही नये, हा निवाडा त्यांत आलाच.

ह्या लक्षणावरून आम्हीं दोन प्रश्न काढले. मध्यस्थ खरें जाणतो का? २०१० सालापासून रूट सर्व्हरांतील नोंदींवर अंकीय स्वाक्षरी असते, आणि पुढच्या पुष्कळ वहीदारांनींही ती पद्धत स्वीकारली आहे. जो मध्यस्थ ती स्वाक्षरी तपासतो त्याला बनावट नोंद खपविणें कठिण. दुसरा प्रश्न, जाणतो तसेंच सांगतो का? नसलेलें नांव विचारलें असतां 'नाहीं' असें सरळ न सांगतां जाहिरातींच्या पानावर नेऊन सोडणारे मध्यस्थही असतात. ह्या दोहोंना दादांनीं तिसऱ्याची जोड दिली: "आपण काय विचारलें हें तो पुढें कोणाला सांगतो?" दिसण्यास हा प्रश्न लहान आहे. परंतु एका घरानें दिवसभरांत कोणकोणतीं नांवें विचारलीं त्याची यादी हातीं आली, तर घरांत कोण आजारी आहे, कोणाची नोकरी डळमळीत आहे, कोणासाठीं स्थळ पाहणें चालू आहे, हें सारें शेजाऱ्याच्याही आधीं त्या यादीवाल्याला कळेल.

पुढें उमेदवार पाहिले. इंटरनेट कंपनीचा मध्यस्थ सर्वांत जवळ असल्यामुळें बहुधा चपळ असतो, आणि कांहीं बिघडलें तर तक्रार एकाच दारीं करतां येते. गूगलची सेवा २००९ च्या डिसेंबरांत निघाली, आंकडे ८.८.८.८ व ८.८.४.४. विचारणाऱ्याचा पूर्ण पत्ता एक-दोन दिवसांत पुसतों असें ती कंपनी सांगते. ती सहसा कांहीं अडवीत नाहीं व गाळीतही नाहीं. परंतु तिचा मुख्य धंदा जाहिरातींचा, हें दादांना खटकलें. क्लाउडफ्लेअरची सेवा १ एप्रिल २०१८ रोजीं सुरू झाली, आंकडे १.१.१.१ व १.०.०.१. तिच्याच दोन भगिनी २०२० सालीं आल्या: १.१.१.२ ही घातक स्थळें अडविते, आणि १.१.१.३ ही त्याबरोबर प्रौढांचा मजकूरही अडविते. क्वाड नाइन ही नफा न कमावणारी संस्था; तिची सेवा २०१७ सालीं सुरू झाली आणि २०२१ सालीं तिनें आपलें ठाणें स्वित्झर्लंडांत हलविलें. आंकडे ९.९.९.९ व १४९.११२.११२.११२. ती घातक म्हणून ठाऊक असलेल्या स्थळांची वाट सांगत नाहीं, आणि विचारणाराचा पत्ता नोंदून ठेवीत नाहीं असें तिचें अभिवचन आहे. २०१५ पासून सिस्को कंपनीकडे असलेली ओपन डीएनएस ही ह्या सर्वांहून जुनी.

रविवारीं जेवणें आटोपल्यावर माजघरांत बैठक बसली. नातवाचा आग्रह वेगाचा. त्याच्याच हातून प्रत्येक मध्यस्थाचा वेळ मोजविला. फरक निघाला तो सेकंदाच्या सहस्रांशांत मोजण्याजोगा. मध्यस्थ वाट झटकन सांगूं शकेल, पण वाटेवरची गर्दी तो कमी करूं शकत नाहीं, हें त्यानें आपण होऊन कबूल केलें. इतकेंच नव्हे, तर दूरचा मध्यस्थ निवडल्यास कधीं कधीं चित्रपटादि अवजड माल जवळच्या कोठारांतून न येतां लांबच्या कोठारांतून येतो आणि उलट वेळ अधिक लागतो.

धाकट्या सूनबाईंचें म्हणणें निराळें होतें. "मामंजी, लहान मुलांपुढें नको तें येऊं नये, एवढें पाहा." मला तें पूर्ण पटलें. घराला एक नियम असावा, ह्या जुन्या मतानुसार प्रौढ मजकूर अडविणारी एक सेवा मीं साऱ्या घरासाठीं लावविली. नात परिचारिकेचा अभ्यासक्रम करीत आहे. चौथ्या दिवशीं तिचें शरीरविषयक एक पान अडलें. ती तक्रार करावयास आली नाहीं. तिनें वायफाय बंद केला आणि मोबाइलच्या स्वतःच्या जोडणीवर अभ्यास चालू ठेवला. आठवड्याअखेरीस पाहतों तों घरांतील निम्मीं मोठीं माणसें अशींच कुंपणाबाहेर गेलेलीं, आणि तीं बाहेर गेल्यामुळें चोरापासूनचें रक्षणही गमावून बसलेलीं! नियम मोडला असें कोणी म्हटलें नाहीं. नियम केवळ ओस पडला. चाळीस वर्षांच्या शाळामास्तरकींत जी गोष्ट मीं वर्गांत शिकलों होतों तीच घरांत विसरलों होतों.

अखेर ठरलें तें असें. घरासाठीं केवळ घातक स्थळें अडविणारा मध्यस्थ, म्हणून ९.९.९.९ व त्याचा जोडीदार. प्रौढ मजकुराची चाळण फक्त लहान मुलांच्या पाटीवर. आणि त्या पाटीपाशीं संध्याकाळीं कोणीतरी मोठें माणूस बसावें, हें कलम वहिनींनीं घातलें.

ज्यांना हें करावयाचें असेल त्यांच्यासाठीं कृति थोडक्यांत लिहितों. राउटरच्या पाठीवर त्याचा पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, तो ब्राउझरांत इंग्रजी आंकड्यांनीं लिहावा. आंत शिरतांच प्रथम राउटरचा पासवर्ड बदलावा. तें केल्याखेरीज पुढचें सर्व व्यर्थ. मग जुने आंकडे कागदावर उतरून घ्यावे, म्हणजे बिघडल्यास परत जातां येतें. दोन रकाने असतात ते दोन्ही एकाच सेवेच्या आंकड्यांनीं भरावे. पहिला चाळणीचा व दुसरा बिनचाळणीचा असा संसार मांडूं नये. दुसरा मध्यस्थ केवळ पहिला आजारी पडल्यावरच कामाला येतो असें नाहीं, यंत्रें दोघांनाही विचारतात आणि चाळण गळते. 'आयपीव्ही सिक्स'चे रकाने निराळे असल्यास तेही त्याच सेवेचे भरावे. नंतर राउटर व घरांतील यंत्रें एकदां बंद करून पुन्हां चालू करावीं. कंपनीनें दिलेल्या कांहीं राउटरांत हे रकाने बदलूं देत नाहींत. तेथें प्रत्येक यंत्रांत स्वतंत्र व्यवस्था करावी. अँड्रॉइड मोबाइलांत 'प्रायव्हेट डीएनएस' नांवाची सोय असते. तेथें आंकडा नव्हे तर सेवेचें नांव लागतें, आणि प्रश्नोत्तरें बंद पाकिटांतून जातात. राउटरांतून साधे आंकडे भरले तर तींच प्रश्नोत्तरें उघड्या पत्रासारखीं जातात, आणि वाटेंतील इंटरनेट कंपनीला तीं वाचतां येतात, हें दादांसारख्यांनीं ध्यानांत ठेवावें. उलट, मोबाइल किंवा ब्राउझर स्वतःचा मध्यस्थ वापरीत असेल तर राउटरमधील निवड त्याला लागू होत नाहीं, हेंही तपासावें.

एवढें सर्व केल्यावरही एक गोष्ट उरतेच. २०२५ सालीं शनिशिंगणापूरच्या देवस्थानाच्या नांवावर बनावट ॲपांतून भाविकांकडून पूजेचे पैसे घेतल्याचें प्रकरण गाजलें व त्याचा पोलिस-तपास सुरू झाला. अशा प्रसंगीं आप्त मध्यस्थाचाही उपाय चालत नाहीं. भाविकानें जें नांव विचारलें त्याचा पत्ता त्यानें बरोबरच सांगितला असता. चूक नांवांतच होती. वाट बरोबर सांगणें हें मध्यस्थाचें काम. जावयाचें कोठें हें आपणच ठरवावयाचें. घातक स्थळांची यादीही कोणाला तरी फसविलें गेल्यानंतरच बहुधा वाढते. पहिला फसणारा आपण नसूं, ह्याची हमी कोणताही आंकडा देत नाहीं.

वाचकांना विनंती एवढीच कीं, आज रात्रीं जेवणानंतर आपल्या राउटरमधील ते दोन रकाने एकदां उघडून पाहावे. आंकडे कोणतेही असोत; ते कोणाचे, आणि आपण ते कां ठेवले, हें घरांतील एका तरी वडील माणसाला सांगतां यावें. आमच्या राउटरशेजारीं भिंतीवर आतां एक कागद डकवला आहे: दोन आंकडे, बदलल्याची तिथि, आणि जुने आंकडे कंसांत. अक्षर नातवाचें आहे. नवा पासवर्ड घरांत दोघांनाच ठाऊक आहे. मला आणि त्याला.